नवा डिस्क पॅड घ्यायच्या आधी जुना हातात घ्या

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. घर साखळीला, शिफ्ट कधी सकाळची तर कधी रात्रीची, त्यामुळे बसच्या भरवशावर राहता येईना. मग वडिलांची सव्वाशे सीसीची मोटारसायकल तिने वापरायला घेतली. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला. "मामा, पुढचा ब्रेक दाबला की करकरतो. स्पेअर पार्टच्या दुकानात गेले तर त्यांनी तीन पाकिटं समोर ठेवली, तिन्हींची किंमत वेगळी. कुठलं घेऊ?"

"आज एकही घेऊ नकोस," मी म्हटलं. "रविवारी गाडी घेऊन ये. आधी जुने पॅड काढून बघू."

नवख्या माणसाला पॅड निवडताना कंपनी आणि किंमत एवढंच दिसतं. पण आपली गाडी कुठल्या रस्त्याने जाते, ब्रेक कसा लावला जातो, कॅलिपर (पॅड धरून डिस्क आवळणारा भाग) मोकळा आहे की जाम, हे सगळं जुन्या पॅडवर उमटलेलं असतं. ते न बघता महागातला महाग पॅड घातला, तरी जुना ज्या कारणाने गेला त्याच कारणाने नवाही जाईल. त्यातून गोव्यातला पाऊस, तांबडी माती आणि खारा वारा या तिन्ही गोष्टी ब्रेकच्या मुळावर येणाऱ्या आहेत. म्हणून हा लेख दुकानापासून सुरू न करता चाकापासून सुरू करतो.

पॅड आहे की लायनर?

पुढच्या चाकाला भोकं पाडलेली गोल चकती दिसत असेल, तर तुमच्या गाडीला डिस्क ब्रेक आहे आणि त्याला पॅड लागतात. चकती न दिसता चाकाच्या मध्यभागी बंद डबा दिसत असेल, तर तो ड्रम. त्यात पॅड नसून ब्रेक शू असतात, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट 'लायनर' म्हणतात. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना दोन्ही चाकांना १३० मिलिमीटरचे ड्रम असतात. शाईनसारख्या सव्वाशे सीसीच्या गाडीत पुढे २४० मिलिमीटरची डिस्क आणि मागे ड्रम, अशी जोडी मिळते. म्हणजे अशा गाडीला पुढे पॅड आणि मागे लायनर. दुकानात जाऊन नुसतं "ब्रेक द्या" म्हटलं तर गोंधळ होतो तो इथेच.

डिस्कचं काम समजायला सोपं आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबलं जातं, तो दाब नळीतून खाली कॅलिपरमध्ये पोचतो, पिस्टन बाहेर सरकतो आणि दोन पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला चिमटा घेतात. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड ढकलतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून आणतो. या दोन पिना लक्षात ठेवा, पुढे त्यांचंच गाऱ्हाणं येणार आहे.

ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील" ही आपल्याकडची घरोघरची शिकवण अर्धवट आहे. चाक वळलेलं असताना किंवा रेतीवर तो एकदम आवळायचा नाही, हे खरं. पण सरळ रस्त्यावर हळूहळू दाब वाढवत गेलं, तर वाचवतो तो पुढचाच. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, ते याचसाठी. तरीही झिजलेल्या पॅडला एबीएस काही करू शकत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पॅड वाचायचा कसा

काही वर्षांपूर्वी मी साखळीहून पणजीला रोज जा-ये करायचो. आमोणा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे आणि मग रायबंदरचा तो पाण्याला लागून असलेला कॉजवे. दर पाच-सहा महिन्यांनी पॅड संपायचे आणि मी दर वेळी पॅडच्या कंपनीला दोष देऊन दुसऱ्या कंपनीचे घालायचो. एकदा आमच्या गॅरेजवाल्याने काढलेले दोन्ही पॅड टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "पात्रांव, हें पळय." (मालक, हे बघा.) एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, दुसरा जवळजवळ नव्यासारखा. दोष पॅडचा नव्हताच. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे एकच पॅड दोघांचं काम करत होता. पिना साफ करून त्यांना ग्रीस लावल्यावर तेच साधे पॅड दुपटीहून जास्त टिकले. त्या दिवसापासून जुने पॅड बघितल्याशिवाय मी नवे घेत नाही.

पॅड न काढताही थोडं बघता येतं. मोबाइलचा टॉर्च लावून कॅलिपरच्या मागून किंवा खालून आत बघा. लोखंडी पट्टी आणि डिस्क यांच्यामध्ये जो काळपट थर दिसतो, ते पॅडचं खरं मटेरियल. नव्या पॅडवर ते साधारण चार-पाच मिलिमीटर असतं. बऱ्याच पॅडांवर मध्ये एक खाच असते. ती खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. खाच नसेल तर रुपयाच्या नाण्याची जाडी डोळ्यांसमोर ठेवा, ती जवळपास दीड मिलिमीटर असते. थर तेवढाच उरला असेल तर बदलायची वेळ झाली. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिलेली असू शकते, पण पावसाळा तोंडावर असताना तिथपर्यंत ताणू नये.

पॅड हातात आले की असं बघा.

दोन्ही सारखे झिजले आहेत आणि पृष्ठभाग फिकट, एकसारखा आहे : सगळं ठीक आहे, पॅडने आपलं आयुष्य पूर्ण केलं. तोच प्रकार पुन्हा घ्या.

एक झिजला आणि दुसरा जाड राहिला : पिना किंवा पिस्टन जाम. ते मोकळं केल्याशिवाय नवे पॅड घालणं म्हणजे पैसे पाण्यात. एकच पॅड वरून जाड आणि खालून पातळ झाला असेल, तरी बहुधा कारण हेच.

पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो : पॅड तापून कडक झाला आहे. घाट उतरताना सतत ब्रेकवर राहिल्याने किंवा मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय विसावत ठेवल्याने असं होतं. ब्रेक चिरकतो पण पकडत नाही, तो याच अवस्थेत. थर भरपूर शिल्लक असेल, तर पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून एक संधी देता येते. पुन्हा तसंच झालं तर बदलायचा.

काळपट, तेलकट डाग : तो पॅड फेकून द्या. मटेरियलला बारीक छिद्रं असतात, त्यांत मुरलेलं तेल धुऊन पुरतं निघत नाही. हे तेल येतं कुठून, तर फोर्कचं (पुढच्या शॉक-अब्सॉर्बरचं) सील गळत असेल तर वरून, आणि चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर. आपल्याकडे आणखी एक वाट आहे. पावसाआधी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे. मारणारा माणूस घाईत असला की डिस्कवर फवारा जातोच. तिथे उभं राहा, दोन्ही चाकांवर प्लास्टिकची पिशवी बांधायला लावा. दहा मिनिटं जातात, पण पुढच्या वळणावर गाडी थांबते.

खोल रेघा : तांबड्या मातीचे आणि चिऱ्याच्या भुशाचे बारीक कण पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकून दोघांनाही खरवडतात. डिचोली, साखळी, सांगे, केपे या खाणपट्ट्यांत आणि जिथे रस्त्याची किंवा पुलाची कामं चालू आहेत तिथे हे हमखास दिसतं.

मटेरियलचे तुकडे निघालेत, थर पत्र्यापासून सुटायला लागलाय : पॅड निकृष्ट होता. यावर पुढे सविस्तर सांगतो.

पॅड काढलेच आहेत तर डिस्कही बघून घ्या. डिस्कवर 'मिन टीएच' (किमान जाडी) अशी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याहून पातळ झाली असेल, तर पॅडच्या जोडीने तीही बदलावी लागते. नख डिस्कच्या कडेवर फिरवा. उंबरठ्यासारखा काठ लागला तर डिस्क बरीच झिजली आहे, ती मोजून घ्या.

जे पॅडने सुटणार नाही

लिव्हर स्पंजसारखा मऊ लागतो आणि पार हँडलपर्यंत येतो, म्हणून लोक पॅड बदलतात. तो दोष बहुतेक वेळा ऑइलमध्ये हवा शिरल्याचा किंवा ऑइल जुनं झाल्याचा असतो. ब्रेक लावताना लिव्हरला ठोके बसतात, तेव्हा डिस्क वाकडी झालेली असते. ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरतं, तेव्हा पिस्टन अडकलेला असतो. हे तिन्ही आधी गॅरेजमध्ये दाखवा, पॅड नंतर.

आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेली म्हणून लगेच वरून भरू नका. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल उतरतं. म्हणजे कमी झालेली पातळी पॅड संपत आल्याची खूण असू शकते. तुम्ही डबी भरून टाकली, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल बाहेर सांडतं आणि टाकीचा रंग खातं.

इथला रस्ता, इथला पाऊस

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओल्या डिस्कवर पॅडचा पहिला क्षण पाणी पुसण्यात जातो. ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा पकडला तर सात मीटर गेले. म्हणून इथे पॅड निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो, तो भर पावसात कसा पकडतो? कोरड्या रस्त्यावर तर सगळेच पकडतात.

दुसरा शत्रू खारट हवा. रायबंदरच्या कॉजवेवरून, मिरामार-दोनापावला भागातून किंवा किनाऱ्यालगतच्या गावांतून रोज जाणाऱ्यांच्या कॅलिपरच्या पिना आणि पॅडची मागची पट्टी लवकर गंजते. फेरीबोटीने दिवाडी-चोडणला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण धक्क्याच्या उतारावरचं खारं पाणी चाकाबरोबर थेट ब्रेकवर उडतं. घरी आल्यावर एक तांब्या गोडं पाणी डिस्कवर आणि कॅलिपरवर ओतायचं, एवढंच करायचं आहे. सकाळी डिस्कवर केशरी गंजाची झिलई दिसली, तर घाबरू नका. ती पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जाते. पिनांचा गंज मात्र आपोआप जात नाही.

तिसरी गोष्ट उतार. फर्मागुडीची उतरण छोटी आहे. पण बेळगावहून चोर्ला घाटाने केरीला उतरणं, अनमोडने मोलेला येणं किंवा काणकोणकडचा करमल घाट, इथे पॅड खरे तापतात. साधा पॅड एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड सुटत जाते. लिव्हर घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. असं वाटलं तर बाजूला थांबून डिस्क निवू द्या, तीवर पाणी मात्र ओतू नका. उतरताना गिअर खालचा ठेवा, वेग इंजिनाला धरू द्या आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ नीट दाबून पुन्हा सोडा. महागड्या पॅडपेक्षा ही सवय घाटात जास्त उपयोगाची आहे.

मटेरियल कुठलं घ्यायचं

पाकिटावर काहीही लिहिलं असलं, तरी आपल्या कामाचे प्रकार तीन.

ऑरगॅनिक पॅड राळ, तंतू, रबर अशा गोष्टी एकत्र दाबून केलेला असतो. मऊ, आवाज कमी, डिस्कला सांभाळून घेणारा आणि थंड असतानाही लगेच पकडणारा. ओल्या चिखलात मात्र तो भराभर झिजतो आणि फार तापलेला त्याला सोसत नाही.

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये त्याच मिश्रणात धातूचे तंतू किंवा भुकटी असते. तो उष्णता जास्त सोसतो, चिखलात जास्त टिकतो आणि थोडा आवाज करतो.

सिंटर्ड पॅड धातूची भुकटी उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून बनवतात. उजेडात धरला तर त्यावर तांबूस-सोनेरी चमक दिसते. पावसात आणि उष्णतेत हा सगळ्यांत भरवशाचा. पण तो डिस्कही तेवढीच खातो आणि उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत जास्त पोचवतो. काही जास्त ताकदीच्या गाड्यांना कंपनीच सिंटर्ड देते, कारण त्यांची डिस्क त्या हिशेबाने केलेली असते. सव्वाशे सीसीच्या साध्या डिस्कवर मनाने सिंटर्ड चढवलात, तर पॅड टिकतील आणि डिस्क जाईल. डिस्क पॅडच्या कितीतरी पट महाग असते.

मग रोजच्या माणसाने काय घ्यावं? म्हापसा, पर्वरी, पणजी, मडगाव अशा शहरी, डांबरी रस्त्यावर जा-ये असेल, तर गाडीच्या कंपनीने दिलेला पॅड. यात फार डोकं चालवू नका. त्या गाडीचं वजन, डिस्क आणि लिव्हर यांचा मेळ बघूनच तो ठरवलेला असतो. रोजचा रस्ता सत्तरी-डिचोलीच्या मातीतून जातो आणि त्यात मागे माणूस किंवा ओझं असतं, किंवा महिन्यातून दोन-तीनदा घाट होतो, तर त्याच गाडीसाठी नामांकित कंपनीने केलेला सेमी-मेटॅलिक घ्या. सिंटर्ड तेव्हाच, जेव्हा गाडीची कंपनी स्वतः त्या मॉडेलला तो देते. खात्री नसेल तर कंपनीचा पॅड, असा माझा साधा नियम आहे आणि तो आजवर चुकलेला नाही.

काही पॅडांच्या पाठीवर दोन अक्षरांची खूण असते : एफएफ, जीजी, एचएच. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं आणि दुसरं तापल्यावर किती ते. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५ आणि एच त्याहून वर. नवख्याने यात बघायचं ते दुसरं अक्षर. ते पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तापल्यावर पकड घटणार. आणि एचएच सगळ्यांत वरचा म्हणून तोच घ्यायचा, असंही नाही. हलक्या गाडीवर, ओल्या रस्त्यावर, सवय नसलेल्या हातात एकदम आवळणारा ब्रेक चाक अडकवतो आणि गाडी घसरते.

दुकानात

पॅड गाडीच्या नावाने मागू नका, कॅलिपरच्या हिशेबाने मागा. एकाच नावाच्या गाडीत एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या बदलाआधीचा आणि नंतरचा पॅड वेगळा असू शकतो, एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीचाही. जुना पॅड रुमालात गुंडाळून घेऊन जा. नव्याच्या पाठीवर पाठ ठेवून आकार, पिनांची भोकं, कान आणि पट्टीची जाडी जुळवा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असला, तर "घासून बसेल" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. शक्य असेल तर चेसिस नंबरवरून शोरूममधून पार्ट नंबर काढून घ्या आणि तो जपून ठेवा, पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. पॅड नेहमी जोडीने बदलायचे, एकटा कधीच नाही.

गाडीच्या कंपनीचे पॅड मिळाले नाहीत, तर ब्रेम्बो, बॉश, एएसके, अलाइड निप्पॉन अशा ब्रेकच्या सामानातल्या जाणत्या कंपन्यांचे बघा. पाकीट सीलबंद हवं, त्यावर छापील किंमत, तयार केल्याची तारीख आणि पार्ट नंबर हवा. पाकिटावरचा नंबर आणि आतल्या पॅडवरचा नंबर एकच हवा.

इथे मी एकदा चुकलो आहे आणि ती चूक सांगितलीच पाहिजे. एका दुकानात निम्म्या किमतीला 'ओरिजिनलसारखे' पॅड मिळाले म्हणून मी घेतले. पाकिटावरची छपाई पुसट होती, तारीख नव्हती. जुलैच्या पावसात फर्मागुडीच्या उतरणीवर पुढे ट्रक थांबला, मी ब्रेक दाबला आणि कडकन आवाज होऊन लिव्हर आत गेला. पॅडचा थर पत्र्यापासून सुटून पडला होता. मागच्या ब्रेकवर आणि गिअरवर गाडी कशीबशी ट्रकच्या शेजारून काढली. वाचवलेले पैसे दीडशे रुपये. आजही ती उतरण आली की हात आपोआप लिव्हरकडे जातो. रोजच्या गाड्यांचे चांगले पॅड काही शे रुपयांत येतात. दुसरीकडे कुठेही काटकसर करा, इथे नको.

वापरलेली गाडी घेतली असेल, विशेषतः आधी भाड्याने चालवलेली, तर आत कुठले पॅड आहेत याचा अंदाज करत बसू नका. भाड्याच्या गाडीचा ब्रेक रोज वेगळा हात दाबतो. आल्या आल्या पॅड काढून बघा, शंका आली तर बदला आणि ऑइलही बदलून घ्या.

बसवताना

पहिल्यांदा गॅरेजमध्येच बसवा, पण शेजारी उभे राहा. पाच गोष्टी होतात की नाही ते बघा.

पिना बाहेर काढून, पुसून, त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं जातं का? साधं काळं ग्रीस रबराला फुगवतं. गोव्यात हे काम पॅड बदलण्याइतकंच महत्त्वाचं, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच सुटतं. पिनांवरची रबरी बुटं फाटली असतील तर तीही बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत.

पिस्टन ढकलण्याआधी तो पुसला का? मातीसकट आत ढकलला तर सील जातं.

पॅड काढलेले असताना कोणी लिव्हर दाबत नाही ना? दाबला तर पिस्टन बाहेर येतो. लहान मुलं शेजारी असली तर हे आधीच सांगून ठेवा.

पॅडच्या तोंडावर ग्रीसचा किंवा तेलकट बोटांचा डाग पडला नाही ना? डिस्क पुसायची ती ब्रेक क्लीनरने. डिझेलने किंवा गंज सोडवायच्या स्प्रेने कधीच नाही. आणि आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायची.

शेवटी लिव्हर घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबला का? हे विसरून गाडी बाहेर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातच लोक आपटतात ते यामुळे. लिव्हर घट्ट झाल्यावरच इंजिन सुरू करायचं.

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच ऑइल घालायचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. इथल्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, यात ते मिसळू नये.

पहिले तीनशे किलोमीटर

नवा पॅड आणि डिस्क यांची तोंडं एकमेकांशी जुळायला वेळ लागतो, तोवर ब्रेक कमी पकडतो. सकाळी रिकामा, कोरडा, सरळ रस्ता बघा. वेग ४० वर न्या आणि पुढचा ब्रेक बेताने दाबून १० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. अर्धा मिनिट तसेच चालवा, म्हणजे डिस्क निवते. असं पंधरा-वीस वेळा. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावायची वेळ येणार नाही इतकं अंतर ठेवून चालवा. पॅड घातल्या दिवशीच माणूस मागे बसवून घाटात जाऊ नका. मागच्या ड्रमचे लायनर बदलले असतील, तर पेडलचा मोकळा खेळ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून नट आवळा आणि चाक हाताने मोकळं फिरतंय ना ते बघा. ब्रेकच्या दांडीवरचा बाण आणि डब्यावरची खूण ब्रेक दाबल्यावर जुळली, की लायनर संपले असं समजायचं.

पावसाआधी आणि चवथीनंतर

वर्षातून दोनदा कॅलिपर उघडून साफ करून घ्या. एकदा मे अखेरीस, दुसऱ्यांदा चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, धावपळ संपल्यावर. पावसात चालवताना अधूनमधून दोन बोटांनी लिव्हर हलका दाबत राहा, म्हणजे डिस्क पुसलेली राहते. गाडी धुतल्यावर घरापासून निघतानाही तेच. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टॉर्च मारून पॅड बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पणजीच्या बसस्थानकावर पिवळ्या मडगार्डच्या गाड्या घेऊन उभे असलेले पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, बघा. गिऱ्हाइकाची वाट बघता बघता त्यांतला एखादा तरी चाकाशी वाकलेला दिसतो. दिवसभर अनोळखी माणसाचा जीव मागे घेऊन फिरणाऱ्याला ब्रेकची काळजी कोणी शिकवावी लागत नाही.

रविवारी भाची आली. पॅड काढले, तर आतला पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. तीच कहाणी, पिना जाम. एक तर पकडीने पिळून काढावी लागली. पिना बदलल्या, बुटं बदलली, ऑइल नवं घातलं. डिस्क मोजली, ती मर्यादेच्या वर होती. तिच्या रस्त्यावर माती आहे पण घाट नाही आणि ती एकटीच जाते, म्हणून दुकानदाराच्या तीन पाकिटांतलं मधलं, गाडीच्या कंपनीचं घेतलं. बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा तिने सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे. जुने दोन्ही पॅड मात्र तिने फेकू दिले नाहीत, डिकीत ठेवलेत. कामावरच्या मैत्रिणींना दाखवणार आहे म्हणाली.